गव्हाच्या काडाचं घर: मराठवाड्यात बांधायचं तर काय, किती आणि कधी

फेब्रुवारी-मार्चात हार्वेस्टर शिवारातून फिरून गेलं की मागे धसकट आणि ओळीने पडलेलं काड उरतं. बहुतेक ठिकाणी त्याला काडी लावून मोकळं होतात. त्याच काडावरून ट्रॅक्टरमागचं बेलर फिरवलं तर दोन सुतळ्यांनी आवळलेले चौकोनी गठ्ठे पडतात. लहान बेलरचा गठ्ठा साधारण १४ इंच उंच, १८ इंच रुंद आणि ३६ इंच लांब असतो. हे गठ्ठे विटांसारखे सांधमोड करून रचायचे, दोन्ही अंगांनी मातीचा जाड गिलावा करायचा, की दीड फुटाहून जाड भिंत तयार होते.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या वाळूच्या टेकड्यांवर घराला लागेल एवढं लाकूडही नव्हतं आणि घट्ट मातीही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे गठ्ठे बांधायची यंत्रं आली आणि लोकांनी त्या गठ्ठ्यांचीच घरं उभी केली. फ्रान्समध्ये माँतार्जी गावात १९२०-२१ साली बांधलेलं काडाचं घर आजही उभं आहे. तेव्हा ‘किती दिवस टिकेल?’ या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षं असं देता येतं. मात्र त्याला एक अट आहे: भिंत कोरडी राहिली पाहिजे.

आपल्याकडे हे का करावं? मे महिन्यात ४२-४३ अंशांत पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, आणि स्लॅबचं घर दिवसभर तापून रात्रभर ती उष्णता आत सोडत राहतं. जुन्या माळवदाच्या घरात गारवा होता, कारण दोन-दोन फूट दगडी भिंती आणि डोक्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच भिंती आणि तेच माळवद अंगावर आलं. मातीत रचलेल्या गोल दगडांना एकमेकांची पकड नव्हती आणि वर टनावारी ओझं होतं. म्हणजे गारवा माळवदाचा हवा आणि वजन मात्र नको. काडाच्या भिंतीचा मुद्दा नेमका हा आहे.

आकड्यांत सांगायचं तर, आतून १२ बाय २० फुटांची, आठ फूट उंचीची एक खोली घ्या. दोन फुटी दगडी भिंतीत ती बांधली तर भिंतींचंच वजन ६० टनांच्या आसपास जातं, नऊ इंची विटेत २० टन. काडाच्या भिंतीचं, दोन्हीकडचा गिलावा धरून, साधारण १२-१३ टन. त्यातलं काड जेमतेम तीन टन. बाकी सगळी माती. आणि उष्णता अडवण्याचं काम अठरा इंच काड नऊ इंच विटेच्या दहापटीहून जास्त करतं, कारण काडीच्या पोकळीत आणि काड्यांच्या मधे अडकलेली हवा हलत नाही.

हलकं घर भूकंपात कसं वागतं हेही तपासून झालं आहे. २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानात बांधायला म्हणून आखलेलं १४ बाय १४ फुटांचं काडाचं घर २००९ साली अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातल्या हलत्या मंचावर जोरात हलवलं गेलं. गिलाव्याला भेगा पडल्या, घर पडलं नाही. भिंतींवरून मासेमारीच्या नायलॉनच्या जाळ्या ताणून, वर मातीचा गिलावा केला होता. त्या जाळ्यांकडे पुढे परत येऊ.

पाण्याचं गणित

आग, उंदीर आणि वाळवी या तीन शंका सगळ्यात आधी येतात. काडाच्या घराला प्रत्यक्षात मारतं ते पाणी. काडात वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त ओल बराच काळ राहिली की बुरशी लागते आणि आतून त्याचं खत व्हायला लागतं. वर गिलावा सुरेख दिसत असतो आणि आत उकिरडा. म्हणून या घराचा प्रत्येक बारकावा दोनच कामं करतो: पाणी आत येऊ द्यायचं नाही, आणि आलंच तर त्याला वाफ होऊन बाहेर पडायला वाट ठेवायची. पुढे कुठलीही गोष्ट टाळावीशी वाटली तर ती या दोनांपैकी कोणत्या कामाची आहे ते आधी बघा.

सिमेंटचा गिलावा नको तो याचमुळे. सिमेंटला बारीक भेगा पडतातच. वळवाच्या तिरक्या सरीत पाणी भेगेतून आत जातं आणि सिमेंटच्या पापुद्र्यामागे कोंडून राहतं. मातीचा गिलावा पाणी पितो, थोडा फुगतो, ऊन पडलं की परत सोडतो. तोच न्याय रंगाला: ऑइल पेंट, प्लॅस्टिक इमल्शन, भिंतीवर चिकटवलेल्या टाइल्स, सगळं वर्ज्य. ‘मातीवर एक हात सिमेंटचा मारून घेऊ, निदान पक्कं होईल’ असं सांगणारा मिस्त्री हमखास भेटतो. त्याला चहा पाजा, पण थापी हातात देऊ नका.

काड कोणतं

गव्हाचं काड उत्तम, पण हार्वेस्टरमागचं लांब काड. मळणी यंत्रातून निघालेला भुसा गठ्ठ्याच्या उपयोगाचा नाही. तो गिलाव्यासाठी मात्र लागतो, तेव्हा दहा-पंधरा पोती बाजूला काढून ठेवा. भाताचा पेंढाही फार चांगला. त्यात सिलिका जास्त असते, त्यामुळे तो सावकाश कुजतो. नांदेड, देगलूर, धर्माबाद पट्ट्यातल्यांना निजामाबादकडचा पेंढा जवळ पडतो.

ज्वारीचा कडबा यात आणू नये. ताटं जाड, गठ्ठा नीट आवळत नाही, आणि मुख्य म्हणजे ते जनावराच्या तोंडचं आहे. दुष्काळी वर्षात भिंतीत कडबा भरलेलं घर गावात कुणाला बघवणार नाही. सोयाबीनचं भुसकट तुटकं आणि लवकर कुजणारं. उसाचं पाचट लातूर-बीडकडे ढिगाने मिळतं आणि त्याचे गठ्ठेही बांधतात, पण पानांमुळे गठ्ठा सैल राहतो आणि हिरव्या वाढ्याचे तुकडे आत असले तर ओल धरतो. भिंतीत नको, छताखालच्या थराला चालेल.

घेताना प्रत्येक गठ्ठ्याची परीक्षा करायची नसते, दहातला एक तपासला तरी पुरे. पहिली परीक्षा वजनाची: ३६ इंची गठ्ठा कोरडा असताना किमान १६ किलो भरला पाहिजे. १२-१३ किलोचा गठ्ठा पुढे भिंतीत बसत जाईल आणि गिलावा फाडेल. गठ्ठा ३० किलोचा निघाला तर खुश होऊ नका, तो बहुधा ओला आहे. दुसरी, सुतळ्यांना धरून उचला: गठ्ठा मधे वाकून केळ्यासारखा झाला तर परत करा. तिसरी ओलीची: गाभ्यातून मूठभर काड ओढून काढा, वास घ्या. कुबट वास किंवा काळे ठिपके दिसले तर ती अख्खी ट्रॉलीच संशयित. खात्रीसाठी काट्यावर बरोबर १०० ग्रॅम काड घ्या, तापलेल्या पत्र्यावर दोन दिवस वाळवा आणि पुन्हा तोला. दहा ग्रॅमहून जास्त घट आली तर ते गठ्ठे आडोशाला हवेशीर ठेवून वाळवल्याशिवाय रचू नका.

बेलरवाल्याला आधीच सांगून ठेवायच्या दोन गोष्टी: दाब वाढवून घट्ट बांध, आणि सकाळचं दव उडाल्यावरच मशीन चालव.

किती लागतील

वरच्याच खोलीचा हिशोब करू. भिंतीच्या मध्यरेषेवर घेर ७० फूट. एका थरात ७० भागिले ३, म्हणजे २३-२४ गठ्ठे. आठ फुटांसाठी सात थर: सुमारे १६३. एक दार (साडेतीन बाय सात) आणि तीन खिडक्या (तीन बाय चार) मिळून ६० चौरस फूट वजा, म्हणजे १७ गठ्ठे कमी: १४६. फुटतूट, अर्धे गठ्ठे आणि फटींत भरायचं काड यासाठी दहा टक्के वर धरा: १६०. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या तरी होतात. उरलेले दोन-चार गठ्ठे चढायला आणि बसायला कामी येतातच.

गिलाव्याची एकूण जागा आतबाहेर मिळून हजार-साडेदहाशे चौरस फूट. पावणेदोन इंच जाडीने आणि काडाच्या खळग्यांत जाणारी माती धरून कोरडा माल अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो: पाऊण-एक ब्रास माती, बाकी वाळू किंवा क्रश सँड. पाणी दोन-तीन हजार लिटर. एक छोटं टँकर. विटा-सिमेंटच्या बांधकामावर रोज मारायचं पाणी आठवा, म्हणजे एप्रिलमध्ये या फरकाची किंमत कळेल.

कधी काय करायचं

दिवाळीनंतर पाया. संक्रांतीपर्यंत जोतं आणि खांब. फेब्रुवारीअखेर छपरावर पत्रे चढलेले हवेत. मग काड येतं. क्रम उलटा झाला तर काम बिघडलंच म्हणून समजा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीने कसं झोडपलं ते सगळ्यांना आठवतं. अवकाळीची एक सर उघड्या गठ्ठ्यांवर पडली तर वरचं पाणी थेट गाभ्यात उतरतं आणि ताडपत्री टाकून ते वाळत नाही, उलट उबतं. नुसत्या गठ्ठ्यांवरच छप्पर टेकवायची नेब्रास्काची मूळ पद्धत स्वस्त आहे खरी, पण तिच्यात भिंत आधी आणि छप्पर नंतर येतं. आपल्याकडे पहिल्यांदा बांधणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. सांगाडा आणि छप्पर आधी, सावलीत काड नंतर.

मार्चअखेर भिंती रचून झाल्या पाहिजेत. गिलाव्याचे दोन हात एप्रिलमध्ये, शेवटचा हात १५ मेच्या आत. मृगाला, म्हणजे ७-८ जूनला, भिंत आतपर्यंत वाळलेली हवी.

पाया आणि जोतं

मराठवाड्यात अर्ध्या घरांच्या भेगा पायातून येतात आणि दोष जातो मिस्त्रीच्या नावावर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर कुठलंही घर नाचतंच. मुरूम लागेपर्यंत खोदा. तीन-चार फुटांत मुरूम लागला तर चर भरून दगडी पाया पुरेसा. काळी माती त्याहून खोल असेल तर अभियंत्याकडून अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या, खाली फुगीर बुंधा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, नकाशा करून घ्या. इथे मित्रांचा सल्ला चालत नाही. जोत्यात भरणी मुरुमाची, सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मस केलेली. काळ्या मातीची भरणी केली तर फरशी पहिल्याच पावसाळ्यात फुगेल.

जोतं जमिनीपासून किमान दोन फूट उंच. जोराच्या पावसात जमिनीवर आपटलेला थेंब दीड फूट उडतो, आणि भिंतीचा खालचा थर भिजतो तो याच शिंतोड्यांनी. भोवती तीन-चार फुटांचा, बाहेर उतार असलेला कोबा करा, म्हणजे भिंतीलगतची काळी मातीही भिजणार नाही.

जोत्यावर थेट गठ्ठा ठेवायचा नाही. ओल-रोधक थर द्या आणि त्यावर १८ इंच रुंदीत दोन कडांना पालथ्या विटांच्या दोन ओळी घालून मधल्या दहा इंचांत कोरडी खडी भरा. घरात कधी माठ फुटला, नळ गळला तर पाणी खडीत उतरेल, गठ्ठ्याला लागणार नाही. बाहेरच्या विटांत दर चार फुटांवर बोटभर फट सोडा. याच वेळी दर दोन फुटांवर जीआय (जस्त चढवलेल्या) तारेच्या कड्या जोत्यात रोवून घ्या. पुढे भिंत दाबायला त्या लागतात, आणि विसरल्या तर नंतर बसवायला जोतं फोडावं लागतं. वाळवीसाठी पाया भरतानाच औषधफवारणी करून घ्या, आणि जोत्याच्या बाहेरच्या कडेला दोन इंच पुढे येऊन खाली वळवलेली जीआय पत्र्याची पट्टी बसवा. पट्टीने वाळवी थांबतेच असं नाही, पण तिची मातीची नळी पट्टीवरून फिरताना डोळ्यांना दिसते. काडापेक्षा तिला चौकटीचं लाकूड जास्त आवडतं.

सांगाडा आणि छप्पर

तीन इंची चौकोनी लोखंडी पाइपचे दहा खांब पुरतात: लांब भिंतींना चार-चार, आखूड भिंतींना मधे एकेक. खांब भिंतीच्या आतल्या कडेला ठेवा आणि गठ्ठ्याला तेवढी खाच घ्या. मग बाहेरच्या अंगाने काड अखंड राहतं. कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या हव्यातच. गठ्ठे वादळात घराला तिरकं होऊ देणार नाहीत या भरवशावर राहू नका.

सांगाड्याची मापं काढण्याआधी प्रत्यक्ष गठ्ठे मोजा. सात गठ्ठे एकावर एक रचून त्यांची उंची घ्या. ती ९८ इंच भरली तर तुळईची खालची कड खडीच्या थरापासून ९६ इंचांवर ठेवा. दोन इंच दाबून बसवायचे आहेत. कागदावरचे १४ इंच धरून वेल्डिंग करून टाकलं आणि गठ्ठे १५ इंची निघाले, तर शेवटचा थर उभा कापत बसावं लागतं. त्यासाठी बेलरवाल्याकडून गेल्या हंगामातले सात गठ्ठे मागून घेता येतात.

छपराच्या झापा चारही बाजूंनी तीन फूट बाहेर काढा आणि पश्चिमेला शक्य तर पडवीच घ्या. पावसाचा मारा आणि दुपारचं ऊन दोन्ही तिकडूनच. पत्रे बोल्टने पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पाइपांना), पर्लिन सांगाड्याला, सांगाडा पायाला, ही साखळी अखंड हवी, कारण हलक्या घराला वावटळ वर ओढते.

आणि पत्र्याखाली छत घाला. हे कळकळीचं सांगणं आहे. भिंत अठरा इंच काडाची आणि डोक्यावर नुसता पत्रा, म्हणजे स्वेटर घालून उन्हात टोपीशिवाय उभं राहणं. बांबूची ताटी, तिच्यावर चिखलाच्या काल्यात बुडवून निथळलेलं काड किंवा पाचट सहा इंच, ते वाळल्यावर वर मातीचा हात, आणि त्या थराच्या नि पत्र्याच्या मधे हवा खेळायला फूटभर जागा. कोरडं सुटं काड छतात कधीही भरू नये. आगीला ते आमंत्रण आहे आणि उंदरांना घर.

वेल्डिंगचं सगळं काम काड येण्याआधी संपवा. काडाच्या घरांना लागणाऱ्या आगींची खरी वेळ बांधकामाची असते: जमिनीवर सुटं काड पसरलेलं, ग्राइंडरच्या ठिणग्या, कुणाची तरी विडी. गंजी पेटलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे, पण गंजीत वारा शिरतो. घट्ट गठ्ठ्याला दोन्हीकडून माती लागली की हवा मिळत नाही. मातीचा गिलावा केलेली भिंत प्रयोगशाळेत भट्टीसमोर उभी करून तपासली आहे आणि ती तासभर टिकली आहे. गिलावा होईपर्यंत मात्र दोनशे लिटरचे दोन बॅरल भरलेले, बादल्या शेजारी, आणि दिवसातून तीनदा झाडू. झाडणं हे एका माणसाचं पूर्णवेळ काम समजा.

इर्जिक

नांगरटीला जशी इर्जिक घालतात, म्हणजे शेजारीपाजारी मजुरी न घेता एकाच्या कामाला एकत्र येतात, तसंच हे. आठ-दहा माणसं असतील तर या खोलीच्या भिंती दोन-तीन दिवसांत उभ्या राहतात. पाया, वेल्डिंग, पत्रे, वायरिंग मित्रांवर सोडू नका. पैसे देऊन जाणत्यांकडून करून घ्या. त्यामुळे ‘घर फुकटात होतं’ हे विसरलेलं बरं: भिंती हा एकूण खर्चातला लहान हिस्सा असतो, आणि मित्रांच्या हातांनी वाचते ती मुख्यतः भिंतींची आणि गिलाव्याची मजुरी.

वाटणी अशी: दोघं मापं घेऊन अर्धे गठ्ठे करणारे, चौघं रचणारे, एकजण फक्त ओळंबा आणि दोरी बघणारा, एक झाडणारा, बाकी वाहून आणणारे. ओळंबेवाला सगळ्यात चिकट स्वभावाचा निवडा. काडाची भिंत रचताना जोश चढतो आणि चौथ्या थरापर्यंत ती दोन इंच बाहेर झुकलेली असते. बाह्या पूर्ण, नाका-तोंडाला मास्क; काडाची धूळ घशात बसते.

पहिला थर कोपऱ्यांपासून आणि दाराच्या चौकटीपासून सुरू करून मधे भेटायचं. दुसऱ्या थरात सांधा खालच्या गठ्ठ्याच्या मध्यावर यायला हवा. शेवटची जागा अठ्ठावीस इंचांची उरली तर अठ्ठावीसचाच गठ्ठा करा. छत्तीसचा गठ्ठा मोगरीने ठोकून कोंबला की तो बसतो, पण तिकडे कोपरा बाहेर सरकतो. ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक आहे. गठ्ठा हाताने रेटून बसला पाहिजे, लाथेने नव्हे.

अर्धा गठ्ठा करायला लोहाराकडून अडीच फुटी दाभण करून घ्या: दहा मिलिमीटरची सळई, टोक चपटं, त्यात भोक. हव्या मापावर दाभणाने नवी सुतळी आरपार ओवायची, दोन्ही भागांना स्वतंत्र गाठी मारायच्या, मग जुनी सुतळी कापायची. आधी जुनी सुतळी कापली तर हातात भाऱ्याऐवजी पसारा येतो.

सहा थर झाले की मालट्रकचे रॅचेट पट्टे भिंतीवरून जोत्याच्या कड्यांना लावून चारही भिंती सारख्या दाबा, एक बाजू पूर्ण करून मग दुसरी असं नाही. दबलेल्या भिंतीवर जीआय तार ओढून बांधा, पट्टे काढा, सातवा थर सरकवा. आतून-बाहेरून समोरासमोर उभे बांबू दर दोन-अडीच फुटांवर लावून दाभणाने आरपार शिवा. भिंत ताठ होते. लांब फटींत काल्यात बुडवलेलं काड ठासा. फट म्हणजे उंदराची वाट आणि उष्णतेचीही. खालच्या दीड फुटाला अर्धा इंची वेल्डेड जाळी मारली तर घुशीचा प्रश्न मिटतो.

खिडक्यांकडे जास्त लक्ष द्या, कारण गळती बहुतेक तिथूनच होते. खिडकीच्या तळाच्या फळीखाली जीआय पत्र्याचा तसराळ्यासारखा कडा उचललेला तुकडा, त्याला बाहेर उतार, पुढची कड गिलाव्याच्या दोन इंच पुढे आणि खालून थेंब तुटायला खाच. पाण्याचा पाइप काडाच्या भिंतीतून नेऊच नका. न्हाणी आणि संडास शेजारी विटांत बांधा. विजेच्या तारा पाइपमधून, काडात इंचभर दाबून, गिलाव्याखाली.

गिलावा

माती हे आपल्याकडचं जुनं शास्त्र आहे. अजिंठ्याची चित्रं ज्या मातीच्या गिलाव्यावर आहेत त्यात भाताचं तूस आणि झाडपाल्याचे तंतू आहेत. वेरूळच्या गिलाव्यात तर गांजाच्या झाडाचे तंतू सापडले. तंतूचं काम तेव्हाही तेच होतं: माती वाळून आकसताना तिला एका मोठ्या भेगेत फाटू न देता धरून ठेवायचं.

निव्वळ काळी माती वापरू नका, ती वाळताना खपल्या होऊन निघते. पांढरी किंवा तांबूस माती घ्या. बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि दिवसभर ठेवा: तळाला वाळू, वर गाळ, सगळ्यात वर चिकण. चिकण चौथाईच्या आसपास असेल तर माती कामाची. तरी प्रमाण भिंतीवरच ठरतं. माती एक भाग धरून वाळू एक, दोन आणि तीन भाग असे तीन फूटभर चौकोन एका गठ्ठ्यावर थापा. भेगाळतो तो चिकणजास्त, हाताने घासल्यावर भुगा पडतो तो वाळूजास्त; मधला तुमचा. त्यात मातीइतकाच भुसा. सगळं पाणी घालून चार-पाच दिवस मुरू द्या. वास येईल, चिकटपणाही येईल. मग पायांनी तुडवायचं.

पहिला हात म्हणजे पातळ काला. तो हाताने काडात चोळून बोटभर आत घालायचा. इथे कंटाळा केला तर पुढचा सगळा गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. काला ओलसर असतानाच सव्वा इंचाचा जाड थर तळव्याने दाबत लावा. लोखंड-लाकूड आणि काड जिथे भेटतात तिथे, आणि कोपऱ्यांवर, नायलॉनची जाळी काल्यात बुडवून गिलाव्यात गाडा. बरेचसे तडे याच सांध्यांवर येतात. शक्य असेल तर भूकंपासाठी जाळी भिंतभर ताणून खाली कड्यांना आणि वर तुळईला बांधा. भिंत दोन्हीकडून एकाच आठवड्यात पूर्ण करा.

एप्रिलचं ऊन गिलाव्याला फार घाई करतं. पश्चिमेच्या भिंतीवर ओलं गोणपाट टांगा, काम सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर. भेगा पडल्याच तर शेवटच्या हाताआधी पाणी शिंपडून मालाने बुजवा. कधी कधी गिलाव्यातून हिरवे कोंब फुटतात. गठ्ठ्यात राहिलेले गव्हाचे दाणे ते. भिंत वाळली की कोंबही वाळतात. पंधरवड्यानंतरही हिरवेच असतील तर तिथे ओल अडकली आहे, कारण शोधा. शेवटचा पाव इंचाचा हात चाळलेली माती, बारीक वाळू आणि शेण यांचा. बाहेरून पश्चिमेला, खालच्या थरावर खाचा पाडून, कळीच्या चुन्याचा हात द्या: मुरवलेला चुना एक, वाळू अडीच ते तीन. बाकी भिंतींना चुन्याच्या निवळीचे चार-पाच पातळ हात.

पहिल्या पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर घराभोवती एक फेरी मारा. खिडकीखाली गडद डाग आहे का, जोत्याच्या पट्टीवर वाळवीची नळी आहे का, कुठे पोकळ आवाज येतो का ते बघा. खिडक्यांखाली आणि पश्चिमेच्या तळाला गिलावा करतानाच बोटभर जाडीची पीव्हीसी नळी गाभ्यापर्यंत पुरून बुच लावून ठेवली असेल तर तिच्यातून काड उपसून वास घेता येतो, तोलताही येतं. ओल सापडली तर गिलावा तेवढ्यापुरता फोडून भिंत उघडी टाका, काळं पडलेलं काड काढा, काल्यातलं नवं काड ठासा आणि वाळल्यावर बुजवा. त्यासाठी त्याच मातीच्या दोन गोण्या चाळून, कोरड्या, माळ्यावर ठेवलेल्या असू द्या. दुसऱ्या मातीचं ठिगळ वाळताना वेगळं आकसतं आणि कडेने सुटतं.